बोरेन फेलोशिपचा अर्ज करताय? सुरुवात शेवटच्या पायरीपासून करा

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत दोन मुलांनी मला गाठलं. दोघं मास्टर्स करतात, दोघांना परदेशी भाषा शिकून अमेरिकेतल्या सरकारी नोकरीत जायचंय. त्यांचे प्रश्न निबंधाचे आणि भाषेचे होते. मी विचारलं, "गावी तुमच्या नावावर जमीन आहे का?" दोघं माझ्याकडे बघतच राहिले. हा लेख त्या रांगेत अर्धवट राहिलेलं बोलणं आहे.

मी बाराव्या वर्षी कराडहून अमेरिकेत आले. पाणीधोरणात मास्टर्स करताना २०१८-१९ च्या तुकडीत मला बोरेन फेलोशिप मिळाली. उर्दू शिकले, परत आले, अमेरिकेच्या केंद्र सरकारात नोकरी करून फेलोशिपची अट पूर्ण केली. वाटेत जिथे अडखळले ते सगळं खाली लिहिलंय.

आधी थोडक्यात ओळख. ओक्लाहोमाचे सिनेटर डेव्हिड बोरेन यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये कायदा झाला आणि त्यातून 'नॅशनल सिक्युरिटी एज्युकेशन प्रोग्रॅम' सुरू झाला. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा, आणि अर्जांचं काम 'इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन' ही संस्था बघते. पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळते ती बोरेन स्कॉलरशिप, मास्टर्स आणि पीएचडीवाल्यांना मिळते ती फेलोशिप. परदेशात २५ ते ५२ आठवडे राहून भाषा शिकायला कमाल २५,००० डॉलर मिळतात. त्याआधी अमेरिकेतच भाषेचा वर्ग करणार असाल तर त्यासाठी वेगळी रक्कम मागता येते. बदल्यात किमान एक वर्ष केंद्र सरकारची नोकरी करायची. रकमा आणि तारखा बदलत असतात, म्हणून अर्ज ज्या वर्षी कराल त्या वर्षीचं माहितीपत्रक समोर ठेवूनच बसा.

१. तुम्ही यात बसता का, हे पाच मिनिटांत बघा

अर्ज करतानाच तुम्ही अमेरिकेचे नागरिक असायला हवं. ग्रीन कार्ड चालत नाही, "शपथविधी पुढच्या महिन्यात आहे" हेही चालत नाही. लहानपणी आई-वडिलांबरोबर आपोआप नागरिकत्व मिळालेल्यांकडे बऱ्याचदा वेगळं प्रमाणपत्र नसतं. घाबरू नका, अमेरिकन पासपोर्ट हा पुरावा पुरेसा आहे.

अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश हवा, किंवा त्यासाठी अर्ज केलेला हवा. फेलोशिप संपेपर्यंत तिथे नाव दाखल राहिलं पाहिजे. पदवी आधीच हातात घेऊन मग परदेशी जाण्याचा बेत आखलात तर तो इथेच मोडतो. पश्चिम युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सोडून इतर देशांसाठीच पैसे मिळतात.

२. नोकरी आधी बघा, देश नंतर

बहुतेक जण उलट करतात. देश ठरतो, भाषा ठरते, निबंध होतो आणि "सरकारी नोकरी बघू नंतर" असं म्हणून सगळं पुढे ढकललं जातं. मीही तेच केलं आणि परतल्यावर सात महिने जाहिराती चाळण्यात घालवले.

अटीत आधी चार ठिकाणं येतात: संरक्षण खातं, परराष्ट्र खातं, होमलँड सिक्युरिटी आणि गुप्तवार्ता संस्था. तिथे मनापासून प्रयत्न करूनही जमलं नाही, तर राष्ट्रीय सुरक्षेशी संबंध दाखवता येईल अशी इतर खात्यांतली जागा मंजूर करून घेता येते. म्हणून अर्जाच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि यूएसएजॉब्स या सरकारी भरतीच्या साइटवर तुमच्या विषयातल्या दहा जाहिराती वाचा. भाषा कोणती मागतात, पदाची श्रेणी काय (मास्टर्स झालेल्यांना साधारण जीएस-९ या पगारश्रेणीपासून सुरुवात मिळते), सिक्युरिटी क्लिअरन्स (गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी) कुठल्या पातळीचा लागतो, हे वहीत उतरवा. निबंधाचा निम्मा मजकूर तुम्हाला त्या वहीतच सापडेल.

एक प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आमच्याकडे तो आजीने विचारला होता: "म्हणजे तू हेरगिरी करणार का गं?" कायद्यातच लिहिलंय की, या पैशावर शिक्षण चालू असताना तुमचा वापर कुठल्याही गुप्तवार्ता संस्थेने करायचा नाही. तिथे तुम्ही विद्यार्थीच असता. घरच्यांना हे नीट समजावून सांगा, नाहीतर गावभर वेगळीच बातमी पसरते.

३. घरच्या कागदांची फाईल आजच उघडा

ही पायरी खरं तर सगळ्यात शेवटची. मी मुद्दाम वर आणली, कारण आपल्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तयारी मात्र कोणीच करत नाही.

यातल्या बहुतेक नोकऱ्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. त्यासाठी 'एसएफ ८६' नावाचा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. गेल्या दहा वर्षांत कुठे राहिलात, कुठे शिकलात, कुठे काम केलंत; गेल्या सात वर्षांत कुठल्या देशात गेलात, परदेशी नागरिक असलेल्या कोणाशी जवळचा संबंध आहे, परदेशात पैसा-मालमत्ता काय आहे. ज्याचं सगळं कुटुंब ओहायोत आहे त्याचं काम एका शनिवारात होतं. ज्याची मावशी सांगलीत, आजी कराडात आणि आत्या इंदूरला, त्याला महिना लागतो. माझा फॉर्म भरून झाल्यापासून क्लिअरन्स हातात पडेपर्यंत अकरा महिने गेले. त्यातले निदान तीन माझ्या अपुऱ्या माहितीमुळे गेले.

आपल्या घरांत हमखास अडकायच्या जागा अशा:

*जन्मतारखा.* फॉर्ममध्ये आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, सासू-सासरे यांच्या जन्मतारखा द्याव्या लागतात. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली माणसं घरोघरी आहेत. माझे सासरे त्यातलेच. त्यांचा खरा वाढदिवस कार्तिकात येतो. सरकारी कागदावरची तारीख लिहा आणि टिपणाच्या चौकटीत एका ओळीत खुलासा करा. मी आधी खरी तारीख लिहिली, ती त्यांच्या पासपोर्टाशी जुळली नाही आणि तपास अधिकाऱ्याने दोनदा विचारलं.

*नावं.* आईचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं पहिलं नावही वेगळं. जन्मदाखल्यावर तुमचं नाव एका स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या. हे सगळं 'वापरलेली इतर नावं' या सदरात जातं. एकही गाळू नका.

*जुना भारतीय पासपोर्ट.* दुसऱ्या देशाचा पासपोर्ट कधी काढला होता का, असा सरळ प्रश्न असतो. त्याचा क्रमांक, तारखा आणि तो परत केल्याचं प्रमाणपत्र शोधून ठेवा. आमचं प्रमाणपत्र आईने लग्नाच्या अल्बमात ठेवलं होतं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) म्हणजे भारताचं नागरिकत्व नाही, पण ते आहे हे स्वतःहून सांगा.

*मावशी.* काका, मावशी, आत्या, चुलत-मावस भावंडं नातेवाइकांच्या सक्तीच्या यादीत नसतात. पण ज्यांच्याशी तुमचा नेहमीचा आणि जिव्हाळ्याचा संपर्क आहे, त्या सगळ्यांची नावं 'परदेशी संपर्क' या सदरात येतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर येणारी मावशी त्यात आलीच. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपातले साठ जण मात्र लिहायचे नाहीत. खरोखर कोणाशी बोलता, किती वेळा बोलता, एवढंच लिहा.

*सातबारा.* त्या दोन मुलांना मी विचारलं ते यासाठीच. वडील गेल्यावर काकांनी गावाकडे वारसनोंद करून घेतली. आईचं, भावाचं आणि माझं नाव सातबाऱ्यावर चढलं. काकांनी ते प्रेमानेच केलं, पण मला पत्ताच नव्हता. 'परदेशात स्थावर मालमत्ता आहे का' या प्रश्नाला मी 'नाही' असं उत्तर दिलं. क्लिअरन्सच्या मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात काका फोनवर सहज म्हणाले, "अगं, तुझ्या वाटणीला ओढ्याकडची बावीस गुंठं आलीत." त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी तपास अधिकाऱ्याला स्वतःहून फोन केला, उतारा पाठवला, काय झालं ते सांगितलं. त्याने शांतपणे नोंद घेतली आणि मुलाखतीत त्यावर वीस मिनिटं प्रश्न विचारले. पुढे काही अडचण आली नाही. मी गप्प बसले असते आणि ते नंतर बाहेर आलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

म्हणून महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवर जा, गावाचं नाव टाका, आपल्या नावाने ८-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) शोधा. आजीने तुमच्या नावावर मुदतठेव ठेवलीय का, तेही विचारा. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर अमेरिकेच्या अर्थखात्याकडे 'एफबार' हा वेगळा अहवालही द्यावा लागतो.

परदेशात नातेवाईक आहेत म्हणून क्लिअरन्स नाकारला जातो, असा आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. त्या नात्यामुळे तुमच्यावर दबाव येऊ शकतो का, हे ते तपासतात. लपवाछपवी मात्र खपत नाही.

४. भाषा निवडताना

निवडीत काही भाषांना आणि प्रदेशांना झुकतं माप मिळतं. त्यांची यादी माहितीपत्रकात असते आणि हिंदी-उर्दू त्यात आहेत. माझ्या वेळी दक्षिण आशियाई भाषांसाठी खास योजना होती: उन्हाळ्यात विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला आठ आठवडे, मग हिंदीला जयपूर आणि उर्दूला लखनौ. तिथले वर्ग 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज'चे.

मराठी माणसाने उर्दू घेतली तर अर्धा डोंगर आधीच चढलेला असतो. अर्ज, मुदत, तारीख, दस्तऐवज, जमीन, सरकार हे सगळे शब्द आपल्या रोजच्या वापरातले. पण पाय घसरतो तोही याच शब्दांवर. लखनौला दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रातली एक बातमी मला वाचायला दिली. दोन घराण्यांत जमिनीवरून भांडण होतं आणि शेवटी 'राज़ीनामा' झाला. मी ठामपणे सांगितलं की कोणीतरी पद सोडलं. उस्तानी, म्हणजे आमच्या शिक्षिका, हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'राज़ी' लिहिलं आणि त्याच्या पुढे 'नामा'. दोघं राजी झाले, त्याचा कागद. तडजोड. मला वाटलं, आपल्याकडे हा शब्द केवढा प्रवास करून आलाय. 'हरकत'चंही तसंच: आपल्याकडे आक्षेप, तिकडे हालचाल किंवा कृती. पहिल्या दिवसापासून अशा शब्दांची वेगळी वही करा. आणि चहा तिकडे स्त्रीलिंगी आहे, हे वर्षभर स्वतःला बजावत राहावं लागतं.

घरी बोलता ती भाषा घेऊन सोपा मार्ग शोधू नका. निवड करणाऱ्यांना प्रगती दिसायला हवी. तुम्हाला मराठीच पक्की करायची असेल तर याच इन्स्टिट्यूटचे मराठीचे वर्ग पुण्यात चालतात, आणि ज्यांवर नोकरीची अट नाही अशा 'क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप'सारख्या इतर शिष्यवृत्त्याही भाषेसाठी आहेत. सरकारी नोकरी मनापासून करायची नसेल तर त्यांच्याकडे वळा.

५. अर्ज

मुदत साधारण जानेवारीच्या अखेरीस संपते. सप्टेंबरात सुरुवात करा. जमवायला लागतं ते हे:

- आतापर्यंतच्या सगळ्या विद्यापीठांच्या गुणपत्रिका
- शिफारसपत्रं, त्यातलं एक तरी तुमचं काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाचं
- भाषेच्या शिक्षकाने भरलेला भाषाज्ञानाचा फॉर्म
- परदेशात कुठे, कोणाकडे, किती आठवडे शिकणार याचा आराखडा
- खर्चाचा अंदाज
- दोन निबंध

विद्यापीठात बोरेनचं काम बघणारा प्रतिनिधी असतो. त्याला ऑक्टोबरातच भेटा. काही विद्यापीठं आपली आतली मुदत लावतात आणि ती बरीच आधी संपते.

आता निबंध. प्रत्येकी ८०० शब्द. पहिल्यात हा देश आणि ही भाषा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेसाठी का महत्त्वाची, ते मांडायचं. सुरक्षा म्हणजे फक्त सैन्य असं इथे धरत नाहीत. पर्यावरण, रोगराई, भूक, स्थलांतर, आर्थिक स्पर्धा, सगळं त्यात येतं. दुसऱ्यात तुमचा अभ्यासाचा बेत आणि सरकारी नोकरीचा इरादा.

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात आजीच्या रेडिओवरच्या गझलांनी झाली होती. माझ्या प्राध्यापकांनी पहिला परिच्छेद वाचला, त्यावर एक रेघ मारली आणि समासात लिहिलं: "यातून सरकारला काय मिळेल?" मला वाईट वाटलं, पण ते बरोबर होते. नंतरचा मसुदा मी वाराबंदीपासून सुरू केला. पाकिस्तानी पंजाबात कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासांत मिळतं. आपल्या गावाकडच्या पाण्याच्या पाळीसारखंच. सिंधू जलकरार १९६० चा. करारावर बोलणारे तज्ज्ञ इंग्रजीत वाचतात, पण पाळी चुकल्यावर शेतकऱ्याची तक्रार लिहिली जाते उर्दूत. ती तक्रार वाचू शकणारा पाणीतज्ज्ञ परराष्ट्र खात्याला का हवा, हे मी आठशे शब्दांत सांगितलं. आजीचा रेडिओ दुसऱ्या निबंधात एका वाक्यापुरता राहिला.

तुमच्या निबंधातही अशी एक गोष्ट शोधा, जी ती भाषा आल्याशिवाय कळूच शकत नाही. 'भारत ही मोठी बाजारपेठ आहे' अशी वाक्यं प्रत्येक अर्जात असतात. आणि नोकरीबद्दल 'सरकारात काम करायला आवडेल' एवढ्यावर थांबू नका. खातं, विभाग आणि पद लिहा. पायरी दोनमधली वही इथे उघडायची.

६. निकाल आणि करार

निकाल साधारण एप्रिल-मेमध्ये लागतो. पैसे मिळण्याआधी सेवेचा करार सही करावा लागतो. पदवी मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत नोकरी सुरू करायची. सेवा केली नाही तर रक्कम व्याजासह परत. पुढच्या शिक्षणासाठी मुदत वाढवून मिळू शकते, पण ती लेखी मागावी लागते. हा करार आई-वडिलांसमोर बसून मोठ्याने वाचा. पैशाची जबाबदारी तुमच्या एकट्याच्या डोक्यावर येते.

राहण्या-खाण्यासाठी वापरलेली रक्कम अमेरिकेत करपात्र असते आणि कर आधी कापून घेतलेला नसतो. पहिल्याच हप्त्यातून थोडे पैसे बाजूला ठेवा.

७. परदेशातलं वर्ष

जाण्याआधी आणि आल्यावर तोंडी परीक्षा होते. सरकारी मोजपट्टी शून्य ते पाच अशी आहे. तीन म्हणजे त्या भाषेत कामकाज करता येण्याइतकी पकड. ओळखीच्या विषयांवर गप्पा मारून तीन गाठता येत नाही. मत मांडा, त्याची बाजू घ्या, समोरचा म्हणणं खोडून काढतोय तेव्हा उत्तर द्या. मी रोज संध्याकाळी घरमालकिणीशी महापालिकेच्या पाणीपट्टीवर वाद घालायचे. त्या वादांचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला.

भारतात ओसीआय कार्डावर जाणाऱ्यांनी लक्ष ठेवा: मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर संशोधनासाठी वेगळी परवानगी लागते. भाषेच्या वर्गाबरोबर प्रबंधासाठी मुलाखती घ्यायच्या असतील तर ती आधी काढा.

भेटलेल्या माणसांची, राहिलेल्या पत्त्यांची, प्रवासाच्या तारखांची नोंद तिथेच ठेवा. दोन वर्षांनी एसएफ ८६ भरताना लखनौच्या खोलीचा घर क्रमांक आठवत नाही.

८. परतल्यावर

तुमच्या हातात एक चांगली सोय असते: 'शेड्यूल ए' या तरतुदीखाली खाती तुम्हाला नेहमीच्या स्पर्धेबाहेर थेट घेऊ शकतात. गंमत अशी की बऱ्याच भरती अधिकाऱ्यांना ही तरतूद माहीतच नसते. एका कार्यालयात मला सांगितलं गेलं की, असं काही नसतं. म्हणून पात्रतेचं पत्र कायम सोबत ठेवा आणि ते रेझ्युमेच्या पहिल्याच पानावर नमूद करा. विभागप्रमुखाला थेट इमेल करा. फक्त यूएसएजॉब्सवर अर्ज टाकून वाट बघत बसू नका.

सगळं आपल्या हातात नसतं, हेही सांगते. २० जानेवारी २०२५ ला केंद्र सरकारची नोकरभरती गोठवली गेली, तेव्हा सेवा बाकी असलेल्या अनेकांच्या हातची संधी गेली. अशा वेळी कुठे अर्ज केले, काय उत्तर आलं, हे सगळं तारखेसह जपून ठेवा. मुदतवाढ मागताना हेच कागद पुढे करायचे असतात. मी दर शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटं एका साध्या तक्त्यात हे भरायचे.

दरवर्षी सेवेचा अहवालही पाठवावा लागतो, नोकरी लागली नसली तरी. वर्ष पूर्ण झाल्यावरच्या शेवटच्या अहवालावर वरिष्ठांची सही घ्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा. माझी प्रत आईच्या त्याच अल्बमात आहे, पासपोर्ट परत केल्याच्या प्रमाणपत्राशेजारी.